नूरीबाईंच्या अटी

"आता आणखी काय?" तोंडात धरलेले खिळे काढून हुसेनने विचारलं.

"दाराची बाहेरची कडी काढून टाकायची," मजीद म्हणाला. "आतली तेवढी ठेवायची."

"गाणारीला कडीशी काय करायचंय रे?"

"बाईंची अट. आपण कोण विचारणारे?"

तेही खरंच. मुंबईच्या नूरीबाई आखातातल्या फहाहीलला गायला येणार, आणि तेही तेलकंपनीत राबणाऱ्या कोकणी पोरांच्या बोलावण्यावरून! साल एकसष्ट, गावात धड हॉटेल नाही. म्हणून हुसेनने बाईंसाठी आपली खोली देऊ केली आणि स्वतः गच्चीवर पथारी टाकली. बोटीने येणाऱ्यांकडून अटी मजीदकडे यायच्या, मजीद त्या हुसेनला सांगायचा.

आणि अटी तरी कसल्या! खिडकी समुद्राकडे उघडणारी हवी. गोड्या पाण्याचं पिंप घरातच हवं. शेजारी आपल्या बोलीचं बाईमाणूस हवं. कहर म्हणजे जेवण हुसेननेच रांधायला हवं. बिचारा रोज तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसला. पहिल्या दिवशीच्या तर मांजराने हुंगून सोडल्या.

"नखरे रे नखरे!" तो करवादायचा, पण राबायचा मात्र अंगात आल्यासारखा. राबलं की सईदाचा विसर पडायचा. हर्णैच्या सईदाचा फोटो पाहिल्यापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मजीदने शब्द टाकला होता, पण तिच्या आईने साफ सांगितलं, "वाळवंटात लेक ढकलायची नाय." कार्यक्रम झाला की रजा काढून हर्णैला जायचं आणि त्या न पाहिलेल्या म्हातारीचे पाय धरायचे, असं हुसेनने ठरवलं होतं.

कार्यक्रमाच्या सकाळी बाईंबरोबर बोटीने आलेली कुबराखाला खोली बघायला आली. जाडजूड आणि तोंडाळ. तिने कडी हलवून पाहिली, पिंपातलं पाणी चाखलं, शेजारच्या आमिनाशी किती वेळ कुजबुजत बसली. मग बांगड्याच्या कालवणात भाकरी बुडवली.

"मीठ कमी," ती म्हणाली, आणि टोपलीतल्या सगळ्या भाकऱ्या संपवल्या.

"बाईंना चालेल ना, खाला?" हुसेनने रिकामी टोपली उचलत विचारलं.

"बघू."

संध्याकाळी पटांगण तुडुंब भरलं. नूरीबाईंनी पहिली तान घेतली आणि पोरांनी टोप्या उडवल्या. वाहवा, वन्स मोअर! हुसेनच्या आनंदाला तर पारावार राहिला नाही.

गाणं संपताच तो धावत पडद्यामागे गेला. "बाई, खोली तयार आहे. सगळं तुमच्या अटींप्रमाणे!"

"कुठली खोली?" नूरीबाई हसल्या. "मी हवल्लीला बहिणीकडे उतरलेय. मला गाण्याआधी कपभर चहा मिळाला, की झालं."

हुसेनने मजीदकडे पाहिलं. मजीद हसू दाबत दुसरीकडेच बघत होता.

कुबराखाला पुढे झाली आणि तिने हुसेनच्या डोक्यावर हात ठेवला.

"रजा टाक, बाबा. कालवणात मीठ माझी सईदा घालील. अटी तिच्याच होत्या."