आलोशियसकाकांचा दुखवटा

शर्लीने कव्हरची चेन ओढली आणि आतून गाऊन बाहेर आला, तेव्हा तिच्या थोरल्या जावेने, ज्युलीने, आधी रंगाकडे पाहिलं, मग शिलाईकडे, आणि शेवटी पंख्याकडे. पंख्याकडे पाहायचं तसं काही कारण नव्हतं.

"वहिनी, खरं सांगा हां. ओव्हर नाही ना वाटत?"

"छे, चांगलाय," ज्युली म्हणाली. "घरात बरा दिसतोय."

जांभूळ खाल्ल्यावर जिभेला चढतो तो रंग. वसईतल्या एव्हरशाईन वसाहतीतल्या कुणा बाईने शिवला होता. खांद्यापासून टाचेपर्यंत एक चुणी चुकलेली नव्हती. ज्युलीचा गाऊन शेजारीच पलंगावर पडला होता. दुकानात तो पिस्ता रंगाचा होता. उमेळ्याला घरी आणेपर्यंत त्याचं शेवाळ झालं. शिवाय काखेत असा आवळायचा की हात वर करायच्या आधी श्वास घेऊन ठेवावा लागे.

नुसतं लग्नाला जायचं असतं तर कोपऱ्यातला बाक पकडता आला असता. पण रविवारी सासूबाईंच्या भाचीच्या, जेसिकाच्या, चर्चमधल्या लग्नाच्या मिस्सात, भाकर-द्राक्षारसाच्या अर्पणाच्या वेळी दोघी जावांनी जोडीने वेदीपर्यंत चालत जायचं होतं. म्हणजे मधल्या वाटेच्या दोन्ही अंगांना बसून सगळं गाव शेवाळ आणि जांभूळ एकदमच पाहणार.

तेवढ्यात ज्युलीचा नवरा, ऑस्कर, फोन कानाला लावूनच आत आला. "अर्नाळ्याचे आलोशियसकाका गेले."

आलोशियसकाका म्हणजे वारलेल्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. नव्वदी कधीच ओलांडलेले. विहिरीच्या वाटणीवरून दोन्ही घरांत बोलणं बंद होऊन जमाना झाला होता. दारात कोळंबी सोलत बसलेल्या सासूबाईंनी, फ्लॉसीबाईंनी, मनगटाने क्रूसाची खूण केली, "देव त्याला शांती देवो," म्हणाल्या आणि पुढची कोळंबी घेतली.

आणि ज्युलीला रडू फुटलं.

असं फुटलं की शर्ली गाऊन खुर्चीवर टाकून पाण्याला धावली. ज्युलीने रडता रडता एका डोळ्याने गाऊन चुरगळला का ते पाहिलं. नव्हता चुरगळला.

"वडिलांसारखे होते हो मला."

"तू त्यांना कधी पाहिलंस?" ऑस्करने विचारलं. कुजकेपणाने नव्हे, तो खरंच आठवत होता.

"आपल्या लग्नात. डोक्यावर हात ठेवला होता माझ्या."

"ते फर्डिनंडमामा."

"हात कुणाचाही असो. माणूस आपलाच गेला ना?" ज्युलीने नाक पुसलं. "मम्मी, मी तर रविवारी काळी साडी नेसणार. रंगीत घालून देवासमोर जायला माझ्याच्याने होणार नाही. शर्लीचं शर्लीने बघावं."

शेवटचं वाक्य तिने फार मऊ आवाजात सांगितलं. एका घरातली एक सून काळ्यात आणि दुसरी जांभळ्यात गेली, तर गावातल्या बायकांना नाताळपर्यंत दुसरा विषय लागणार नाही, हे ती ओळखून होती. शर्लीकडे काळं म्हणून काही नाही, हेही ती ओळखून होती. तिची स्वतःची चंदेरी काठाची काळी जॉर्जेट मात्र गेल्या दोन मयतींना चांगली शोभली होती.

फ्लॉसीबाईंनी मान वर केली. थोरल्या सुनेकडे पाहिलं, पलंगावरच्या शेवाळाकडे पाहिलं, खुर्चीवरच्या जांभळाकडे पाहिलं.

"दुखवटा किती दिवस पाळायचा म्हणतेस?"

"वडिलांसारख्या माणसाचा किती पाळतात? वर्षभर."

"बरं. मग दोघींनी काळंच. शर्ली, माझ्या कपाटात खाली काळी साडी आहे, तुझे सासरे गेले तेव्हाची. ती नेस."

शर्लीने गाऊन कव्हरात सरकवला आणि चेन लावली. ज्युलीने त्या दिवशी भात दोनदा वाढून घेतला. दुःखात भूक लागते, म्हणाली.

रविवारी शर्ली ती साडी नेसून आली. जुनी, सुती, ना काठ ना बुट्टी. केस मागे बांधलेले, गळ्यात बारीक क्रूस. अर्पणाच्या वेळी टिकल्या, जरी आणि चमकीच्या गर्दीतून ती एक काळी रेघ सरळ वेदीकडे निघाली, तेव्हा गाणाऱ्या मंडळींची एक ओळ सुटली. व्हिडिओवाल्याने ज्युलीला हाताने खूण केली. ज्युली मान तिरकी करून हसली. खूण "जरा बाजूला" अशी होती.

मिस्सानंतर चर्चच्या पटांगणात बायकांनी शर्लीला घेरलं. साडी कुठली, असं साधं नेसायचं सुचलं कुणाला?

"वहिनींना," शर्ली म्हणाली. "मी तर जांभळं घालून येणार होते."

तिच्या बोलण्यात काडीचंही वाकडं नव्हतं. ज्युलीला तेच जास्त लागलं. तिचे डोळे भरून आले, आणि या खेपेस कुणी बघतंय का ते बघायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. नवरीच्या आईने, एमिलीने, तिचा खांदा थोपटला. "काकांवर फार जीव होता ना गं तुझा."

ज्युली सासूबाईंना जाऊन चिकटली. याच महिन्यात अजून दोन लग्नं होती, आणि भावाच्या मुलीच्या पहिल्या कम्युनियनचा समारंभ.

"मम्मी," ती हळूच म्हणाली, "दुखवटा संपवायचा कधी?"

फ्लॉसीबाईंनी कमरेचा रुमाल काढून तिच्या हातात दिला. त्यांची नजर समोर होती. व्हिडिओवाला शर्लीला पुन्हा एकदा नवरीच्या शेजारी उभी करत होता.

"वर्षभर, बाळा," त्या म्हणाल्या. "वडिलांसारखे होते ना."