दह्यातली गाणी

“मंदा, दूध कोमट झाल्याशिवाय विरजण लावू नकोस हो,” असं सासूबाईंनी शेवटच्या आजारात बजावलं होतं. आणि आज घाईत मंदाकिनीने होतं नव्हतं ते सगळं विरजण कढत दुधात घातलं!

घरोघरच्या फायली आता दह्यातच, त्यातल्या जिवाणूंमध्ये, राहत. दही रोज लावलं की रोज नवी प्रत. तिने त्यातलं चमचाभर दूध वाचकयंत्रात ठेवलं, तर सासूबाईंनी जन्मभर टाइप केलेल्या मंगळागौरीच्या गाण्यांऐवजी पडद्यावर नुसते चौकोन उमटले. तिला रडूच कोसळलं.

मग एकदम आठवलं, परवाच खालच्या गुणाकाकू तिच्याकडून विरजण घेऊन गेल्या होत्या. ती वाटी घेऊन धावली. काकूही कुतूहलाने तिच्या मागोमाग वर आल्या.

काकूंचं दही यंत्रात ठेवताच सगळी गाणी ओळीने पडद्यावर आली. मंदाकिनीने हात जोडले.

“अगं बाई, म्हणजे दोन दिवस मी गाण्यांची कढी भुरकतेय?” काकूंची हसून मुरकुंडी वळली. “पोटात गेली, आता एखादं कानावरही पडू दे की!”

“देवापाशी दिवा लावला की येते.”

संध्याकाळी दिवा लागला. मंदाकिनीने एक गाणं छापून घेतलं आणि गुणगुणतच जिना उतरू लागली.