दोन पंचमांश

वही उघडली आणि तपासनीस बाईंनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

अर्धा अधिक एक तृतीयांश, उत्तर दोन पंचमांश. शेजारी लाल शाईत बरोबरची ठसठशीत खूण. वरचे आकडे वरच्यांत मिळवायचे, खालचे खालच्यांत. वीस पानं हाच प्रकार. एकच चूक, पण इमानेइतबारे केलेली.

समोर वहीवाली मुलगी आणि तिची आई बसल्या होत्या. शिवणयंत्रावरून तशीच उठून आल्यामुळे आईच्या गळ्यातली टेप काढायची राहून गेली होती. मुलीला घरी शिकवणारी तीच, तपासणारीही तीच. हातात लाल पेन अजून होतं. बाईंच्या फॉर्मवर शेवटी दोनच चौकोन होते: समाधानकारक आणि असमाधानकारक. दुसऱ्यात खूण पडली की मुलगी सोमवारपासून शाळेत. हे तिघींनाही पाठ होतं.

"वाचन चांगलं आहे, भूगोल तर फारच छान," बाई म्हणाल्या. "जरा पाणी मिळेल का?"

हे तिसरं पाणी. आई आत गेली.

बाईंनी टेबलावरची कापडाची उरलेली पट्टी मुलीपुढे सरकवली. "हिचा अर्धा भाग आणि तिसरा भाग, दोन्ही मिळून किती?"

मुलीने पट्टीच्या सहा सारख्या घड्या पाडल्या. तीन मोजल्या, मग दोन. "पाच षष्ठांश."

"मग वहीत दोन पंचमांश कसे?"

"वहीत आईचं उत्तर लिहिते," मुलगी म्हणाली. "कापडात माझं."

"आईला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं तर म्हणेल, मला जमत नाही, तू आपली शाळेतच जा." तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "तुम्ही पण नका सांगू."

पंचवीस वर्षांच्या नोकरीत बाईंना अनेकांनी गळ घातली होती. कुणी मुलाचे गुण वाढवून मागितले, कुणी मुलाचं वय कमी करून. आईची चूक पोटात घाला म्हणणारी ही पहिलीच. पण चूक पोटात घातली तर ती पोरीच्या वहीत वाढत राहणार, आणि बोलून दाखवली तर चौकोन ठरलेला.

आई पाणी घेऊन आली. बाईंनी पेला हातात घेतला आणि सरळ वेड पांघरलं.

"मला हे अपूर्णांक मेले कधी उमगलेच नाहीत," त्या म्हणाल्या. "आता हेच बघा. अर्ध्या कापडात आणखी तुकडा जोडला, तर उत्तर दोन पंचमांश. म्हणजे अर्ध्याहूनही कमी. जोडलं की कापड आटतं का हो?"

आई हसली. "असं कसं होईल? जोडलं तर वाढणार." आणि हसू तिथेच थांबलं.

तिने पट्टी ओढून घेतली. सवयीने गळ्यातली टेप काढली, लावली, पुन्हा लावली. कापडावर तिचा हात कधीच चुकत नसे. बोटं तीन घड्यांवरून पाचव्या घडीवर गेली आणि तिथेच राहिली. मग तिने वहीकडे पाहिलं, लाल खुणांकडे.

"म्हणजे खालचे आकडे मिळवायचेच नाहीत?" तिने हळूच विचारलं.

"मलाही आत्ताच कळलं," बाई म्हणाल्या आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

फॉर्मवर खूण करायला त्यांना फार वेळ लागला नाही. पहिल्या चौकोनात. 'कच्चे विषय' या ओळीत त्यांनी 'अपूर्णांक' लिहिलं. कुणाचे, ते फॉर्म विचारत नव्हता.

आईने लाल पेनाला टोपण लावलं आणि ते टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला ठेवलं. मुलीने कोऱ्या पानावर तेच गणित पुन्हा मांडलं, पाच षष्ठांश लिहिलं, वही आईपुढे सरकवली आणि टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं.

"तपास ना."