भिवराबाईंची काच

"परत एकदा बगा मॅडम," उत्तरेश्वर म्हणाला.

डॉक्टर वर्षाराणीनं सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले. "काका, नीट बघितलंय. भिवराबाईंना कॅन्सर नाही."

त्याचा चेहरा हलला नाही. ऐकू आलं नसेल, असं वाटून तिनं पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

बीडच्या बसस्टँडमागच्या तिच्या लॅबमध्ये असं सांगायची वेळ क्वचित यायची. तोंडातून खरवडून काचेवर घेतलेले नमुने रोज यायचे. गुटख्याचे, मिश्रीचे. त्यातले बरेच वाईट निघायचे. उत्तरेश्वरच्या बायकोच्या, भिवराबाईंच्या तोंडातही फोड येऊन फुटत होते, आणि त्या मिश्री लावायच्या. पहिल्या लॅबनं पेशी बघून कॅन्सर लिहून टाकला. वर्षाराणीला तो पटला नाही. तिनं गालाच्या आतला बारीक तुकडा काढून पुण्याला पाठवला होता. तिकडचा रिपोर्ट कधीच आला, पण उत्तरेश्वरचा फोन बंद. आज सकाळी लागला आणि दुपारी तो आला.

"इकडं या. यातून बघा," ती म्हणाली. "गोल पेशी दिसतात? मधला ठिपका मोठा आहे. कॅन्सरमध्येही तो मोठा होतो, म्हणून फसायला होतं. पण तिथं एकासारखा दुसरा नसतो, कडा वेड्यावाकड्या असतात. इथं सगळे सारखे, गुळगुळीत. शरीरच आपल्या पेशींची एकमेकींवरची पकड सोडवतंय. मग त्या सुट्या होतात आणि फोड येतात. पुण्याहूनही हेच आलंय."

"यावर औषध हाय?"

"आहे. बरेच दिवस घ्यावं लागतं. पण माणूस हिंडतं-फिरतं राहतं."

"आन् न्हाई घेतलं तर?"

"तर धोका. खाणं तुटतं, जखमा चिघळतात. जेवतात का त्या?"

"न्हाई."

"पाणी?"

"पाजलं चमच्यानं."

नमुने रंगवणारा बंकट दारात उभा होता. "मामा, मावशीला आणायचं की संगं. कावून एकटेच आलात?"

"आणता येत न्हाई."

"जीप करायची. सासुरवाडीला जाताना करतच असाल की."

उत्तरेश्वरनं त्याच्याकडं बघितलंच नाही. तो पुन्हा काचेवर वाकला. "एकांदी वाईट पेशी असंल मॅडम. कोपऱ्यात कुठं. नजरंतून सुटती."

"नाही सुटलेली."

"पयला डॉक्टर लई शिकलेला हाय म्हणत्यात."

"असेल. चुकला तो."

बंकट तिच्या कानाशी आला. "मामाला कॅन्सरच पायजे दिसतोय मॅडम. दुसरी बघून ठेवली असंल."

"गप बस," ती म्हणाली. पण तिच्याही मनात तेच आलं होतं. बायकोचं दुखणं परस्पर मिटलं तर बरं, अशी माणसं तिनं याच खुर्चीवर बसलेली पाहिली होती.

"काका, तुम्ही फोन बंद करून बसलात," तिचा आवाज चढला. "बाई घरात उपाशी. आणि इथं येऊन कॅन्सर शोधताय? तुम्हाला हवंय तरी काय?"

तो काचेपासून मागं सरून खुर्चीत बसला. मग म्हणाला, "तिला दवाखान्यात ऱ्हायचं व्हतं. मीच म्हणलं, कॅन्सरच हाय, आता कशाला सुया टोचून घेती. चल घरी."

वर्षाराणी थोडी नरमली. "झालं ते झालं. अजून वेळ गेलेली नाही. उद्या पहिल्या एस्टीनं त्यांना घेऊन या. दवाखान्यात मी स्वतः बोलते."

उत्तरेश्वर उठला. त्यानं हात जोडले.

"कॅन्सर हाय, येवडं म्हणा मॅडम. कागदावर नगं, नुसतं तोंडानं म्हणा. परवाच तिची राख गोदावरीत सोडून आलोय."