न्हाऊमाखू

डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या पाठीवरचा एक तपकिरी डाग बोटानं जरासा चोळला. आजीच्या, नागूबाईच्या डोळ्यांदेखत तो लाल झाला आणि फुगून वर आला. बाळ कळवळलं.

"लाखात एखाद्याला होणारा आजार आहे हा," बाई म्हणाल्या. "या डागांत ॲलर्जी उठवणाऱ्या मास्ट पेशींची गर्दी झालेली असते. चोळलं, कढत पाणी लागलं, की त्या खवळतात. मग अंग लाल होतं, रक्तदाब उतरतो. काल बाळ निपचित पडलं ते त्यामुळंच."

अख्ख्या होटगी गावात नागूबाईसारखं न्हाऊ घालणारं कोणी नव्हतं. पाय पसरून ती बसली की आयाबाया आपणहून पोरं आणून तिच्या पायांवर ठेवत. लोकांची पोरं गुटगुटीत केली, मग स्वतःची नात डागाळलेली कशी राहू द्यायची? डाळीचं पीठ लावून ती दिवसेंदिवस जास्तच जोरानं चोळायची, वर कढत पाणी. बाळ रडून लालबुंद व्हायचं. "आत्या, पुरे की," सून चैताली म्हणायची. "रडल्याबिगर अंग धरत न्हाय लेकरू," म्हणून नागूबाई तिला गप्प बसवायची. माया आंधळी असते म्हणतात. हिची बहिरीही होती.

"बरी व्हईल न्हवं?" तिनं कसंबसं विचारलं.

"औषधानं खाज, सूज कमी होईल. मोठेपणी डाग बहुधा जातात. तोवर जपायचं. दुकानातून परस्पर कसलंही औषध द्यायचं नाही. पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल." बाईंनी वर पाहिलं. "आंघोळ कोण घालतं हिला?"

नागूबाईनं मान खाली घातली.

"मीच," चैताली म्हणाली.

बाई तिला नाही नाही ते बोलल्या. तिनं मुकाट ऐकून घेतलं. नागूबाईला भडभडून आलं.

बाहेर आल्यावर डोळे पुसत तिनं हात पुढं केले. "लई मोठ्या मनाची हायेस गं. आण तिला हिकडं."

चैतालीनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"आता तुमच्या हातात न्हाय देणार तिला," ती म्हणाली. "अन् तुमच्यासाठी खोटं न्हाय बोलले मी, आत्या. ती रडायची तरी तुमाला भिऊन रोज तुमच्या पायांवर ठेवत व्हते की मीच."