त्या गावात लाईट असते का?

“पाहा, आता चूल पेटवन थे बाई,” कलावती म्हणाली. “अन् डोळ्यात धूर काही जाणार नाही तिच्या.”

टीव्हीवरच्या बाईनं चूल पेटवली. धूर सरळ वर गेला. तिचा नवरा खाटेवर बसून हसत होता. दिल्लीतल्या नोकऱ्या सोडून दोघं एका गावात राहायला गेली होती, आणि दर दुपारी रायपूरच्या या दोन खोल्यांत येऊन आपलं सुख दाखवत होती.

कलावतीचा नवरा पांडुरंग खुर्चीत बसला होता. नाकातली नळी सरळ करून तो पडद्याकडे पाहत राहिला. शेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. सिलतऱ्याच्या एका कारखान्यात, भट्टीजवळ त्याची उमर गेली होती. आता मशीन थोडा वेळ बंद पडलं तरी त्याचे ओठ निळे पडत. मागच्या खेपेला डॉक्टरांनी नवीन औषध लिहून दिलं नव्हतं. ‘हवाबदल करून पाहा,’ एवढंच ते म्हणाले होते, तेही कलावतीकडे न पाहता.

तेव्हापासून घरात हा कार्यक्रम सुरू झाला होता. कलावतीला त्यातलं सगळंच खुपायचं. शेण सारवतानाही त्या बाईची साडी पांढरीच्या पांढरी. शेजारीपाजारी येता-जाता हसतात. “कोणी भांडत नाही, कोणाले ताप येत नाही,” ती म्हणायची. “कुत्रंसुद्धा साबण लावून आणलेलं.” पांडुरंग तिला हातानं गप्प करायचा. बोलायला श्वास लागतो, म्हणून.

आज तो बोलला.

“उद्या निघू.”

“कुठं?”

त्यानं टीव्हीकडे बोट दाखवलं. तेव्हा तिचं लक्ष गेलं. खुर्चीमागं पिशवी भरलेली होती. दोन सदरे, टॉवेल, गोळ्या. ती स्वयंपाकात असताना त्यानं एकेक वस्तू आणून, मध्ये बसून, दम खाऊन ती भरली असणार.

“अहो, डोकं फिरलं का तुमचं? मशीन कशावर चालन तिथं? तुमच्याच भावाच्या गावात पाहिलं ना, दिवस-दिवस लाईट नसते.”

“या गावात असते,” तो म्हणाला. “पंखा पाह्य ना. रोज फिरून राहिला.”

कलावतीनं पाहिलं. पडद्यावरच्या ओसरीत खरंच पंखा फिरत होता. इतके दिवस तिनं त्या कार्यक्रमातल्या शंभर चुका काढल्या होत्या, पण पंखा तिनं पाहिला नव्हता. आणि पांडुरंग दुसरं काही पाहतच नव्हता.

“तिथं खोली भेटन आपल्याले,” तो म्हणाला. मध्ये थांबला. पुन्हा श्वास जमवला. “मले एकदा... पोटभर श्वास घेऊ दे, कलावती. मंग काही मागत नाही तुले.”

पडद्याखालून फोनचा नंबर सरकत होता. तुम्हालाही गावात राहायचंय का, आम्हाला विचारा, असं काहीतरी हिंदीत लिहिलं होतं. कलावतीनं मोबाईल ओढला आणि नंबर लावला. हे खूळ एकदाचं निघावं, त्यानं आपल्या कानांनी ऐकावं, म्हणून स्पीकर चालू केला.

फोन एका मुलीनं उचलला.

“दीदी, वो जो गाँव दिखाते न तुम लोग,” कलावती म्हणाली, “वहाँ लाइट रहती है क्या? दिनभर?”

“लाइट?” मुलगी अडखळली. “मैडम, वहाँ तो शूटिंग का जनरेटर लगा था. गाँव में तो लाइट का कोई ठिकाना नहीं.”

“अन् वो दोनों?” पांडुरंगानं विचारलं. “रहते... न वहाँ?”

“नहीं, सर. वो लोग तो कब के वापस चले गए.”

टीव्हीवर ती बाई नवऱ्याला वाढत होती. पांडुरंगानं तिच्याकडे पाहिलं नाही. आवाज बंद करायला तो रिमोट शोधू लागला. रिमोट त्याच्या मांडीवरच होता, तरी सापडेना. मग त्यानं शोधायचं सोडलं, आणि हात जिथं होता तिथंच राहिला.

कलावतीला हेच तर हवं होतं. पण त्याचा तो हात पाहिला आणि तिनं मोबाईल तोंडाजवळ ओढला.

“काहे को बोली तू?” ती फोनवर ओरडली. “झूठ बोल देती तो क्या जाता था तेरा? रोज दिखाते न झूठ? पूरी दुनिया को दिखाते! एक मेरे आदमी के टाइम पे सच याद आया तुमको?” तिचा आवाज फाटला. “साँस नहीं आती उसको. समझती है क्या? साँस नहीं आती.”

 पलीकडे दूर कुठंतरी दुसरे फोन वाजत होते, दुसऱ्या मुली नमस्ते म्हणत होत्या. ती मुलगी उठून गेली असावी, असं कलावतीला वाटलं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

मग ती मुलगी बोलली, अगदी हळू, शेजारच्या टेबलावर ऐकू जाऊ नये अशा बेतानं.

“अब बोल दूँ, आंटी?”

 पांडुरंगानं हात लांब करून तिच्याकडून मोबाईल घेतला, छातीवर ठेवला आणि डोळे मिटले.

“हव,” तो म्हणाला. “बोल, बेटा.”