प्राणवायूची साक्ष

दारूबंदी समितीच्या अध्यक्षा इंदुताई सभेस निघाल्या, तेव्हा गाडीत पेट्रोल अल्प होते. म्हणून त्यांनी घराच्या कोठीतील कॅन पेट्रोलचा समजून टाकीत रिता केला. आरमोरीच्या वेशीवर गाडी उचक्या देऊ लागली आणि शेजारी बसलेले त्यांचे पती मुखरूभाऊ मनोमन कुलदैवताचा धावा करू लागले. त्या कॅनमध्ये काय होते, हे त्रिभुवनात केवळ त्यांनाच ठाऊक होते.

वेशीजवळच्या गॅरेजवाल्या दिव्यानीने यंत्र जोडून बिघाडाचा कोड वाचला.

"ऑक्सिजन सेन्सरचा फॉल्ट दाखवून राह्यला, बाई."

मुखरूभाऊंच्या जिवात जीव आला. "मंग सेन्सरच लबाड हाये! नवा टाक, पोरी, आत्ताच्या आत्ता!"

दिव्यानीने टाकीचे झाकण उघडून वास घेतला. "सेन्सर लबाड नाई, भाऊ. धुरातला ऑक्सिजन मोजून त्यानं खरंच सांगतलं. टाकीत मोहाची दारू हाये."

इंदुताईंनी पतीकडे एकवार पाहिले. मुखरूभाऊ छताकडे पाहत राहिले.

"टाकी धुऊन काढ," त्या अत्यंत शांतपणे म्हणाल्या, "आन् तो सेन्सर मले काढून दे."

"त्याच्याबिना गाडी कशी चालन, बाई?"

"गाडीचं पाहू मंग. त्याची गरज घरी जास्त हाये."